पाण्यात मुरलेला नाद

एकदा एका वृद्ध गायकाकडे गोदा नावाची शिष्या गाणे शिकत होती. त्या घराची एक रीत होती. खालचा षड्ज पक्का झाल्याशिवाय पुढचे काही मिळत नसे. वर्ष सरले तरी गोदा रोज पहाटे तोच एक स्वर लावत बसे. आज जमला म्हणावे, तर उद्या तो हातचा जाई. हट्टी होती म्हणून टिकली. पण हट्टालाही कधीतरी दम लागतोच.

अशात तिचा भाऊ तिला न्यायला आला. "गोदे, वर्षभरात एक गाणं आलं नाही तुला. बाबा म्हणतात, या खेपेला आली नाहीस, तर पुन्हा न्यायला कुणी येणार नाही."

गोदाला रडू कोसळले. ती गुरूंपुढे जाऊन म्हणाली, "बुवा, रोज निघते आणि निघाले तिथेच परत येते. मी जाते घरी."

बुवांनी जा म्हटले नाही, राहा म्हटले नाही. फळीवरचा काशाचा वाडगा काढला. तळ जेमतेम झाकेल एवढे पाणी ओतले, कडेला चिमूटभर हळद सोडली आणि तिच्या हाती लाकडी दस्ता दिला.

"ही हळद पलीकडच्या कडेला ने. पाण्याला हात लावायचा नाही, वाडगा हलवायचा नाही, फुंकायचंही नाही. नुसत्या नादाने ने. मग खुशाल जा."

म्हाताऱ्याचे डोके फिरले आहे, असे भावाला वाटले. गोदाने मात्र पदर खोचला. तिने काठावर जोरात टोला हाणला. पाणी उसळून तिच्याच तोंडावर आले. हळद थरथरली आणि होती तिथेच राहिली. दुसरा टोला त्याहून जोराचा.

"अगं, फुटेल तो!" भाऊ ओरडला.

तिने ओठ घट्ट मिटले. नवे पाणी, नवी हळद घेतली. या वेळी दस्ता काठाला टेकवून ती तो सावकाश गोल फिरवू लागली. वाडगा गुणगुणू लागला. पाण्यावर बारीक शिरशिरी उठली. पुढे जाई, मागे येई. हळद काही हलेना. मनगट भरून आले, तरी तिने नाद तुटू दिला नाही.

बऱ्याच वेळाने भाऊच पुढे वाकला. "गोदे... चालली बघ!"

पिवळी रेघ काठाकाठाने पलीकडे सरकत होती.

बुवा म्हणाले, "पाणी पुढे जातं, मागे येतं. बघणाऱ्याला वाटतं, जिथल्या तिथेच आहे. पण गेलेली लाट सगळीच्या सगळी परत येत नाही, बाळ. थोडी पाण्यात मुरते. आणि जी मुरते, तीच पाण्याला ढकलते. टोल्याने पाणी उसळतं, वाहत नाही. वाहायला न तुटणारा नाद लागतो."

"मग माझ्यात काहीच कसं सरकलेलं दिसत नाही?"

"इथे पाणी नखाएवढं, म्हणून दिसलं. तुझं पाणी खोल आहे. आत काय चाललंय, ते वरून लगेच कसं दिसेल?"

गोदाने पदराने तोंड पुसले. तिचे डोळे आता कोरडे होते.

भावाने हळूच विचारले, "मग, निघायचं ना?"

"तू जेवून नीघ, दादा. माझा स्वर लागायचाय अजून," ती म्हणाली आणि तानपुऱ्यापाशी जाऊन बसली.