शेंडी आणि बुटकीचं जुग

फार जुनी गोष्ट. तेव्हा सारीपाटावरच्या सोंगट्या खेळ चालू असतानाच भांडायच्या.

शेंडी नावाच्या पिवळ्या सोंगटीच्या मागे एक लाल सोंगटी हात धुऊन लागली होती. पुढच्या घरात शेंडीची बहीण बुटकी बसलेली. शेंडी धापा टाकत तिच्या घरात शिरली आणि एकाच घरात दोघींची जोडी जमून जुग झालं. जुगाला कुणी मारू शकत नाही, हा पाटाचा नियमच. लाल सोंगटी चरफडत पुढे गेली.

"आता आपल्याला हात लावायची कुणाची टाप नाही," शेंडी म्हणाली.

पण जुगाला हलायला सम दान लागतं. पडले तीन. मग पाच.

"जुग फोडूया का? एकेकट्या गेलो तर चालता तरी येईल," बुटकी कुरकुरली.

"आणि मागून दुसरी लाल आली म्हणजे? गप बस. आधी तुझं कोपर माझ्या पोटातून काढ."

पुन्हा तीन. एकेक करत बाकी सगळ्या सोंगट्या घरी पोचल्या, लालसुद्धा.

"बघ, शेवटपर्यंत आपल्याला कुणी मारलं नाही," शेंडी ऐटीत म्हणाली.

बुटकीनं रिकाम्या पाटावर नजर फिरवली. "मारायला उरलंय कोण, बाई?"