तांबटआळीतली घागर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचे नावही आता कोणाला आठवत नाही. त्या राज्यात तांबटांची एक आळी होती. तिथे दिवसभर हातोड्यांची अशी ठोकठोक चाले, की पाळण्यातली पोरे त्या आवाजात गाढ झोपत आणि आवाज थांबला की दचकून उठत.

या आळीत एक बाई होती. आपल्या थोरल्या भावाच्या भट्टीवर ती वीस वर्षे भाता ओढत होती. भाऊ भांडी घडवी, ती आग सांभाळी. तिच्या मनात मात्र एकच इच्छा होती, आपल्या हाताने भांडे घडवायचे. ही इच्छा तिने वीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती. आपल्यापैकीही पुष्कळांचे असेच असते.

एका वर्षी तिने धीर करून सांगितले.

आळीचा रिवाज सरळ होता. ज्याला स्वतःचा हातोडा हवा, त्याने एकट्याने घागर घडवायची. आळीतली जाणती माणसे ती पाण्याने भरून दिवसभर टांगून ठेवत. संध्याकाळपर्यंत थेंब गळला नाही, तर हातोडा मिळे. त्यासाठी तांब्याचे दोनच पत्रे दिले जात. दोन्ही वाया गेले, तर पुन्हा कधी मागायचे नाही.

"अगं, जमेल ना तुला?" भावाने काळजीने विचारले.

"जमवीन की दादा," ती म्हणाली खरी, पण पत्रा समोर ठेवला आणि हातोडा उचलायचे सोडून ती पुन्हा भात्यापाशी जाऊन बसली.

त्याच दिवसांत नदीकाठी एक बुवा आले होते. आवाज खणखणीत, बोलणे झणझणीत. "एकदा पेटलात की मागे वळून बघू नका! थांबला तो संपला!" असे ते गरजत. बाईने ते ऐकले आणि तिच्या अंगावर काटा आला. ती जवळजवळ धावतच घरी आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पत्रा तापवला आणि घडवायला घेतला. ठोक्यामागून ठोका. जेवणाला हाक आली, तरी उठली नाही. पत्रा पुन्हा भट्टीत घालायलाही ती थांबली नाही. थांबायचे नाही, हेच तर बुवांनी सांगितले होते! दुपार कलली आणि टण्णकन आवाज झाला. घागर गळ्यापासून बुडापर्यंत तडकली.

ती हमसून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बुवांकडे गेली, पुन्हा पेटून परत आली, पण उरलेला पत्रा दिसताच तिचे मन गारठले. तिसऱ्या दिवशी गेली, तर बुवा पुढच्या गावाला निघून गेले होते. बुवांचे तरी काय चुकले? त्यांना बिचाऱ्यांना तांब्यातले काय कळणार!

"दादा, माझ्यातच काही नाही," ती भावाला म्हणाली. "माझी उमेद दोन दिवससुद्धा टिकत नाही. मी आपली भात्यावरच बरी." आणि ती भाता ओढायला बसली. तिला तसे बसलेले पाहून भावालाही वाईट वाटले.

आळीत सगळ्यांत म्हातारे एक आबा होते. त्यांचे हात आता थरथरत, पण नजर तीक्ष्ण होती. ते भट्टीपाशी येऊन टेकले. भावाने तेव्हाच एक अर्धवट हंडा उचलून आगीत सरकवला.

"हा हंडा भारी आळशी दिसतो गं," आबा म्हणाले. "सकाळी तापवला होता ना? परत आगीत!"

बाईला एवढ्या दुःखातही हसू आले. "आबा, थट्टा करता होय? ठोके खाऊन तांबं ताठर होतं. तापवलं की मऊ पडतं. नाही तापवलं तर तडकेल."

"किती वेळा तापवावं लागतं?"

"मोठं भांडं असेल तर पंधरा-वीस वेळा."

"म्हणजे पंधरा-वीस वेळा ते ताठरतं. मग तू त्याला कधी म्हणतेस का, की तू कामाचं नाहीस म्हणून?"

बाईचा हात भात्यावर थांबला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

"पण आबा, बुवा तर गेले. आता मला कोण तापवणार?"

"कमाल आहे! वीस वर्षं या भट्टीतली आग कोणी विझू दिली नाही, पोरी?"

दुसऱ्या दिवशी तिने उरलेला पत्रा घेतला. थोडे ठोके, मग आग. पुन्हा ठोके, पुन्हा आग. तांबे ताठरले की ती ओळखी. आता स्वतःचे मन ताठरले की तेही ती ओळखू लागली. तसे झाले की ती हातोडा खाली ठेवी. कधी घोटभर ताक पिई, कधी भाचीला मांडीवर घेई, कधी पाणवठ्यावर जाऊन बायकांच्या कमरेवरच्या घागरी नुसत्या बघत बसे आणि परत येई. काही दिवस तर ठोक्यांचा एकच फेर पुरा होई. तेवढ्यावरही ती समाधान मानी.

एकविसाव्या दिवशी घागर तयार झाली. एका अंगाला जराशी फुगीर होती, सुंदर म्हणण्याजोगी नव्हतीच. जाणत्यांनी ती भरून टांगली. दिवसभर बाई घागरीखालची जमीन निरखत बसली. सूर्य मावळताना आबांनी आपला थरथरता हात घागरीच्या बुडाखालून फिरवला आणि सगळ्यांसमोर वर धरला. तळवा कोरडा होता.

भावाने स्वतः हातोडा आणून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नव्या हातोड्यासमोर बसली आणि काय गंमत, तिला कामाचा चक्क कंटाळा आला! पण आता ती घाबरली नाही. "आलास का? ये," असे त्या कंटाळ्याला म्हणून ती हसली आणि निखारे फुलवायला उठली.

बोध असा: उमेद एकदाच मिळून जन्मभर पुरत नाही, काम करता करता ती पुन्हा पुन्हा आपणच चेतवायची असते.