धोंडाईचा ताण

ऐका बरं का! जाखाईच्या देवळावर छप्परसुद्धा नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. कवडगावात धोंडाई नावाची माळीण राहायची. तिच्या मोगऱ्याची माळ चढल्याशिवाय चैत्रात जाखाईची पालखी उठत नसे. बाईचा नवरा वारलेला, मूल नाही. होता तो हा माळेचा मान, आणि तो ती जिवापाड जपायची.

माघात ती मोगऱ्याचं पाणी तोडायची, पानं ओरबाडायची, मुळं उघडी करून उन्हात तापवायची. याला म्हणायचं ताण. ताण बसला की मोगरा फुलावर येतो. पण बघणाऱ्यांना काय त्याचं? "बाई आहे की कसाई!" म्हणायचे.

त्या साली तिची धाकटी जाऊ ठकू नवीनच नांदायला आली होती. मायाळू पोर! ती उघडीबोडकी झाडं बघून तिचा जीव कळवळला. धोंडाई बाजाराला गेली न गेली, तोच हिनं सगळ्या वाफ्यांना पोटभर पाणी पाजलं. झालं! मोगरा हिरवागार झाला. नुसता पालाच पाला, कळी एक नाही.

पाटील दारात आले. "धोंडाई, माळ नसेल तर मान वरच्या वाडीला जाईल."

"माळ येईल, पाटील."

"कुठनं?"

"माझ्याच मोगऱ्यातनं."

ठकू रडायला लागली. "आक्का, तहानलेल्याला पाणीच पाजलं ना मी?"

"पाजलंस, माझे बाई. आता डोळे पूस आणि पानं तोडायला लाग."

पुन्हा ताण दिला. झाडांच्या पार काटक्या झाल्या. मग पाणी द्यायची वेळ आली, तर विहिरीनं तळ गाठलेला! धोंडाईनं घागर उचलली, नदीच्या कोरड्या पात्रात झरा उकरला आणि खेपा सुरू केल्या. ठकूनं दुसरी घागर घेतली. दोघींची टाळू सोलवटली, पण एकीनंही बसकण मारली नाही. असं म्हणतात, धोंडाई चालत होती तोवर झरा आटला नाही. असंही म्हणतात, घागर जिथं जिथं हिंदकळली, तिथं वाटेवर मोगरा उगवला.

पालखीच्या सकाळी गाव जागं झालं ते वासानंच. काटकी दिसेना, इतकी फुलं! माळ देवीच्या गळ्यातनं पायापर्यंत पोचली. पाटलांनी धोंडाईपुढे हात जोडले.

अजूनही कवडगावात माघात मोगऱ्याला कुणी पाणी घालत नाही. ताण सरला की पहिली घागर ओतायचा मान ठकूच्या घरातल्या नव्या सुनेचा. ती घागर कलती करते, तेवढ्यात सासू तिचा हात धरते. "कुणाला विचारून घालतेस गं?"

सून म्हणते, "धोंडाक्काला विचारून." मगच पाणी पडतं.