चूक नसलेलं वाक्य

एका जंक्शनच्या गावी एकदा एक अभ्यासिका निघाली. स्टेशनच्या मागे, मालधक्क्याच्या भिंतीला लागून पत्र्याचं एक मोठं दालन होतं. गावातल्या काही मंडळींनी त्यात टेबलं-खुर्च्या टाकल्या, दिवे बसवले, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली तिथे दिवसभर बसू लागली. किल्ली एका वृद्ध गृहस्थांकडे असे. त्यांचं नाव रंभाजी. सकाळी दार उघडायचं, झाडून घ्यायचं, पाण्याची टाकी भरायची आणि मग दाराशी स्टुलावर बसून राहायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम.

रंभाजीबाबा तिसरीपर्यंत शिकलेले. मराठी ते बोट ठेवून वाचत. इंग्रजी अक्षरांची ओळख नव्हती. त्यांचा सारा जन्म रेल्वेत गेला होता. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तिच्या कडेने चालायचं, एकेका चाकावर ठोका मारायचा, आणि आवाजावरून ते चाक शाबूत आहे की तडकलं आहे हे सांगायचं, हे त्यांचं काम. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यामुळेही असेल, ते बोलत कमी आणि ऐकत जास्त.

या अभ्यासिकेत कोपऱ्यातल्या टेबलाशी हर्षाली नावाची एक मुलगी चार वर्षं बसत होती. ती मराठी शाळेत शिकलेली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गापुढे इंग्रजीत बोलायला उभी राहिली, आणि दुसऱ्याच वाक्याला मागच्या बाकावरून हसू ऐकू आलं. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, यापुढे आपल्या हातून चूक होऊ द्यायची नाही. व्याकरणाची तीन जाड पुस्तकं तिने पाठ केली. कोणताही नियम विचारा, ती पान क्रमांकासकट सांगे. दुकानाची पाटी दिसली की तिथली चूक तिला आधी दिसे, दुकान मागाहून. एका मैत्रिणीने आपल्या लग्नाची इंग्रजी पत्रिका कौतुकाने दाखवायला आणली, तर हिने पेन काढून तिच्यात अकरा चुका दाखवल्या.

"अगं, पत्रिका बघायला दिली होती, तपासायला नाही," मैत्रीण म्हणाली.

शेजारचा एक जण म्हणाला, "राहू दे गं. निदान नवरा तरी बरोबर आहे का, ते हिच्याकडून बघून घे!"

सगळे हसले. हर्षालीही हसली, पण थोडंच.

कारण तिची अडचण निराळी होती. एका सरकारी खात्यातल्या लिपिकाच्या जागेसाठी ती तीनदा परीक्षेला बसली होती. गणित उत्तम, सामान्य ज्ञान उत्तम; आणि जिच्यासाठी तिने सर्वांत जास्त घाम गाळला, ती इंग्रजीच तिला खाली ओढत होती. एकदा दोन गुणांनी गेली, एकदा चार, मागच्या वेळी दीड. या वर्षीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती, आणि त्यानंतरच्या जाहिरातीला तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे ही वेळ शेवटची.

एके सकाळी रंभाजीबाबा झाडत झाडत कोपऱ्यात आले, तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. समोर सरावाच्या उत्तरपत्रिका पसरल्या होत्या. त्यांनी झाडू भिंतीला लावला.

"काय झालं पोरी?"

"काही नाही बाबा. चाळीसातले सतरा चुकले. मागच्या आठवड्यात पंधरा चुकले होते. अभ्यास वाढवला की चुका वाढतात माझ्या."

बाबांनी उत्तरपत्रिका उचलल्या. अक्षर वाचता येत नव्हतं, पण काळी केलेली वर्तुळं दिसत होती. त्यांनी सहा कागद टेबलावर एकाखाली एक ओळीने मांडले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"ह्या पाच रांगा कसल्या?"

"वाक्याचे चार तुकडे केलेले असतात, बाबा. कोणत्या तुकड्यात चूक आहे ते शोधायचं आणि त्याचं वर्तुळ काळं करायचं."

"हे झाले चार. आणि ही शेवटची, पाचवी रांग? हिच्यात एकही काळं वर्तुळ नाही. सहाही कागदांवर नाही. इथं कुणी राहत नाही का?"

हर्षालीने पाहिलं. आजवर तिच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"ते... वाक्यात काहीच चूक नसेल, तर ते वर्तुळ करायचं."

"मग तू कधीच कसं केलं नाहीस?"

"बाबा," ती जरा चिडूनच म्हणाली, "चूक नसती तर परीक्षेत विचारलं कशाला असतं?"

रंभाजीबाबांनी टेबलावरचे कागद नीट एकावर एक ठेवून तिला परत दिले आणि म्हणाले, "उद्या थोडी लवकर ये. पुस्तक आणू नकोस."

त्या दिवसांत अभ्यासिकेच्या मागे नवी खोली बांधायचं काम निघालं होतं. दुसऱ्या दिवशी हर्षाली आली, तेव्हा बाबांनी तिला विटांच्या ढिगापाशी नेलं. वीस विटा बाजूला ओळीने लावून ठेवल्या होत्या. त्यांनी तिच्या हाती एक छोटी हातोडी दिली.

"ह्या वाजवून बघ आणि काय ते मला सांग."

हर्षालीला या कामाचा अर्थ कळेना. परीक्षा दोन महिन्यांवर, आणि आपण विटा वाजवतोय! तरी वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडवेना, म्हणून ती बसली. एकेक वीट वाजवली, कान लावला, काही पुन्हा वाजवल्या, उन्हात फिरवून पाहिल्या. अर्ध्या तासाने तिने सात विटा वेगळ्या काढल्या.

तेवढ्यात युनूस मिस्त्री कामावर आले.

"ह्या सात इकडं कुणी काढल्या?"

"मी," हर्षाली म्हणाली. "यांचा आवाज नीट नव्हता."

मिस्त्रींनी त्यातल्या दोन उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. खणखणीत आवाज आला. मग एक वीट कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर सोडली. तिचा टवकाही उडाला नाही.

"ताई, ही वीट फुटली असती ना, तर मी थापी टाकून दिली असती आणि तुमच्या शेजारी परीक्षेला बसलो असतो," असं म्हणून त्यांनी सातही विटा उचलल्या आणि भिंतीच्या कामाला घेऊन गेले.

हर्षालीचा चेहरा उतरला. रंभाजीबाबा शांतपणे म्हणाले, "काल संध्याकाळी मीच त्या निवडून ठेवल्या होत्या. विसाच्या वीस पक्क्या."

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"मी काय सांगितलं होतं?"

ती आठवून म्हणाली, "वाजवून बघ... आणि काय ते सांग."

"वाईट वीट काढ, असं म्हणालो होतो का?"

"नाही."

"मग सात का काढल्यास?"

हर्षालीने हातोडी विटांवर ठेवली. शेवटी म्हणाली, "मला वाटलं, काहीतरी काढायलाच हवं. सगळ्या चांगल्या आहेत म्हटलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, हिने नीट बघितलंच नाही."

तेव्हा रंभाजीबाबा तिथेच, उरलेल्या विटांवर बसले. एरवी चार शब्दांत काम भागवणारा तो माणूस त्या दिवशी पुष्कळ बोलला.

"पोरी, मी कामाला लागलो तेव्हा तुझ्यापेक्षा लहान होतो. पहिल्या महिन्यात तीन गाड्या अडवल्या. चाक तडकलंय म्हणून लाल झेंडी दाखवायचो. लोक खाली उतरायचे, साहेब यायचे, तपासणी व्हायची. तिन्ही वेळा चाक शाबूत. मला वाटायचं, आपल्याला ठेवलंय कशाला? दोष काढायलाच ना? मग एखादा दिवस काही न काढता गेला, की पगार फुकट खाल्ल्यासारखं वाटायचं. आणि ज्याला असं वाटतं ना, त्याला चांगल्या चाकातही तडा ऐकू येतो. कान खोटं बोलत नाही गं. मन कानाच्या आधी बोलतं.

"आमचे एक जुने मुकादम होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, पंधरा दिवस कुणाला काही सांगायचं नाही. रोज यार्डात जायचं आणि चांगली म्हणून पास झालेली चाकं तेवढी वाजवायची. मी मनात हसलो होतो. पण पंधरा दिवसांनी काय झालं ठाऊक आहे? चांगल्या चाकाचा नाद कानात भरून राहिला. मग तडकलेलं चाक शोधावं लागलं नाही. ते आपणच बोलायचं, की मी ह्या लोकांतलं नाही.

"छत्तीस वर्षांत मी खरोखर तडकलेली नऊ चाकं अडवली. हिशेब पाठ आहे. बाकीची किती लाख असतील कोण जाणे, त्यांना जाऊ दिलं. माझं खरं काम ते होतं. 'बरोबर आहे, जा' असं म्हणायचं आणि त्यावर भरवसा ठेवून घरी जाऊन जेवायचं. दोष दाखवायला धीर लागतो, खरं आहे. पण समोरची गोष्ट निर्दोष आहे असं सांगून तिच्यापुढून हात काढून घ्यायला जास्त धीर लागतो. तू चार वर्षं चुकीचीच वाक्यं वाचतेयस. बरोबर वाक्य कसं वाजतं, ते तू ऐकलंयस का कधी?"



बाबांनी तिच्याकडून व्याकरणाची तिन्ही पुस्तकं मागून घेतली आणि आपल्या कपाटात ठेवली. म्हणाले, "पंधरा दिवसांनी देईन. तोवर रोज सकाळी अर्धा तास मला इंग्रजी वाचून दाखव. चांगलं, छापलेलं. पेन हातात घ्यायचं नाही."

"पण बाबा, तुम्हाला तर इंग्रजी..."

"मला नाही येत. म्हणून तर मोठ्याने वाचशील."

मग रोज सकाळी ती वाचू लागली. अभ्यासिकेच्या कपाटात गोष्टींचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, ते घेतलं. पहिले दोन दिवस फार जड गेले. दर वाक्याला ती अडखळे, मागे जाई, कुठे चूक आहे का ते चाचपडे. बाबा टाकी भरता भरता म्हणत, "थांबलीस का? पुढं चल." चौथ्या दिवशी एका गोष्टीत एका धनगराची शेळी डोंगरात हरवली. हर्षालीने मराठीत अर्थ सांगितला आणि वेळ झाली म्हणून पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती दारात पाऊल टाकते तोच बाबांनी विचारलं, "शेळी सापडली का गं?"

हर्षालीला हसू आलं. भराभर वाचत ती पुढे गेली. शेळी सापडली, एक पिल्लूही बरोबर होतं, धनगराने दोन्ही खांद्यावर घेतली, आणि गोष्ट संपली. पुस्तक मिटताना तिला एकदम जाणवलं, की आठ पानं वाचून झाली आणि आपण एकदाही मागे गेलो नाही. चार वर्षं ही भाषा तिच्यासमोर होती. पण ती काय सांगते आहे, हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

पंधरा दिवसांनी पुस्तकं परत मिळाली. हर्षालीने सराव पुन्हा सुरू केला. पहिल्या दिवशी दहा उत्तरं चुकली, नंतर आठ, मग सहा. नियम तेच होते, पुस्तकंही तीच.

परीक्षेच्या दिवशी इंग्रजीच्या सातव्या प्रश्नाशी ती थबकली. वाक्य साधं होतं: शिक्षक वर्गात आले आणि मुलं उभी राहिली, अशा अर्थाचं. जुन्या सवयीने मन म्हणालं, इतकं सोपं कसं असेल, काहीतरी दडवलेलं असणार. तिने ओठ न हलवता ते वाक्य एकदा वाचलं. कुठे अडलं नाही. तिने पाचवं वर्तुळ काळं केलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. त्या पेपरात असं तिने सहा वेळा केलं. पहिल्या काही वेळा पेन क्षणभर थबकलं, शेवटच्या वेळी तेही नाही. घरी गेली, आईच्या हातचं जेवली आणि दुपारी गाढ झोपली. आई दोनदा डोकावून गेली. मुलीला अशी निश्चिंत झोपलेली पाहून कैक दिवस झाले होते.

तीन महिन्यांनी निकाल लागला. यादीत हर्षालीचं नाव होतं. फार वर नव्हतं, पण होतं. तिने धावत येऊन बाबांना सांगितलं. ते टाकीचा नळ बंद करून उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग कागदपत्रांच्या तपासणीला तिला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावलं. खिडकीपलीकडच्या कारकुनाने तिची फाइल घेतली. जन्माचा दाखला, गुणपत्रिका, रहिवासाचा दाखला, एकेक पान सावकाश उलटलं. तिच्या पुढच्या दोघांना काही ना काही कमी म्हणून परत पाठवलं होतं. हर्षाली खिडकीच्या गजाला धरून उभी होती.

कारकुनाने शेवटच्या पानावर शिक्का मारला. "सगळं बरोबर आहे. पुढचे कोण?"

एरवी तिने तीनदा विचारलं असतं, साहेब, नीट पाहिलंत ना, काही राहिलं तर नाही ना, पुन्हा यावं लागणार नाही ना.

त्या दिवशी ती फक्त "बरं" म्हणाली, फाइल छातीशी धरली आणि जिना उतरून बाहेर आली. रस्त्यावर ऊन पडलं होतं. समोरच्या गाडीवर तिने एक चहा सांगितला आणि बाकावर बसून सावकाश प्यायली.

बरोबर असलेल्याला बरोबर म्हणता येऊ लागलं, की माणसाच्या जिवावरचं केवढंतरी ओझं उतरतं.