पुस्तकातला डावा हात

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ज्याला स्वतःचाच हात ओळखता आला नाही असा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?

फार पूर्वी, नदीकाठच्या एका नगरात तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा एक म्हातारा कारागीर राहत होता. पोलादी कोरणीने तो केसासारखी बारीक रेघ ओढायचा. त्या रेघांत शाई भरून वर ओला कागद दाबला, की चित्र कागदावर उतरायचं. त्याने मोराचं पीस कोरलं, तर बघणारा हळूच फुंकर मारून पाहायचा.

पण ही विद्या त्या मुलखात दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे कोरणी गंजून जाणार, या विचाराने त्याला घास गोड लागेना.

शेवटी त्याने एक पुस्तक करायला घेतलं. पत्रा कसा घासावा, कोरणीला धार कशी लावावी, ती हातात कशी धरावी, सगळं चित्रं काढून सांगायचं. लांबच्या गावातल्या मुलांनी ते पाहून घरीच सराव करावा, आणि ज्याचा हात बसेल त्याने आपल्याकडे यावं.

पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. म्हणून अक्षरं तो उलटीच कोरायचा. बोटांना ती सवयच होती. पण कोरणी धरलेला आपला उजवा हात कोरताना त्याला ते भान राहिलं नाही. समोर दिसला तसा त्याने तो हुबेहूब कोरला.

छाप काढायचं काम त्याची बायको करी. पहिला कागद उचलताच ती म्हणाली, "अहो, हा हात डावा दिसतोय."

"तुला काय, तुझी वाकडी भाकरीसुद्धा तुला गोल दिसते."

"भाकरीचं राहू द्या. कागद बघा की एकदा."

"अगं, जन्मभर ज्या हाताने जेवलो, तो मला ओळखू येणार नाही होय?" म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

पुस्तकं गावोगाव गेली.

सुगी संपल्यावर शिकलेली मुलं येऊ लागली. दारात वाकून नमस्कार करायची, आणि कोरणी डाव्या हातात धरायची. कोरणी घसरायची. रेघ वाकडीतिकडी जायची. एका कुंभाराच्या मुलाच्या तर बोटातून रक्त आलं.

"अरे, देवाने उजवा हात कशाला दिलाय? माश्या हाकायला?" म्हातारा गरजला.

"पण आजोबा, पुस्तकात..."

"पुस्तकाला नावं ठेवतोस? जा, मडकी भाज!"

तो मुलगा डोळे पुसत गेला. त्याच्या मागून आलेलेही तसेच गेले. म्हातारा बायकोला म्हणाला, "आताच्या पोरांत दमच नाही. माझ्याबरोबरच ही विद्या संपणार बघ."

मग एके दिवशी दुपारी एका कोष्ट्याची मुलगी आली. तिनेही कोरणी डाव्या हातात घेतली. म्हातारा तिला उठवणार, तेवढ्यात पत्र्यावरून रेघ निघाली. पाण्यातून साप जावा तशी, न थांबता, न थरथरता.

म्हातारा खाली बसला. "पोरी, डाव्या हाताने कोरायला तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच की, आजोबा!" मुलगी हसली. "मला सगळे डावखुरी म्हणून हिणवतात. आई तर या हातावर चापट मारते. पण तुमचं पुस्तक बघितलं आणि म्हटलं, एवढा मोठा कारागीरही माझ्यासारखाच! तेव्हापासून मी हा हात लपवला नाही."

म्हाताऱ्याने पुस्तक उघडलं. पानावरचा हात पाहिला. मग आपला हात पाहिला.

त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. विद्या चालवणारी समोर बसली होती. परत गेलेली मुलं स्वतःलाच मठ्ठ समजून आपापल्या कामाला लागली असतील. जाब विचारायला त्यांतलं कोणीही येणार नव्हतं.

मुलगी घाबरून म्हणाली, "काही चुकलं का, आजोबा? मी हात बदलू?"

"नाही गं. तुझा हात बरोबर आहे. चित्र माझं चुकलं." तो बायकोकडे वळला. "त्या कुंभाराच्या पोराने गाव कुठलं सांगितलं होतं?"

"टेकडीपलीकडचं," ती म्हणाली. "लांब आहे हो. गुडघ्यांना झेपेल का तुमच्या?"

"झेपेल तिथपर्यंत जाईन. मग बसेन, आणि पुन्हा उठेन."

म्हणून जाणते सांगतात, शिकणाऱ्याला दोष देण्याआधी शिकवणाऱ्याने आपला धडा तपासावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा काठी घेऊन टेकडीच्या वाटेला लागला, आणि कोष्ट्याची मुलगी नवा पत्रा पुढे घेऊन आपला डावा हात पाहून पाहून त्यावर कोरू लागली, म्हणजे कागदावर तो उजवा उमटेल.