हूं म्हणणारा तांबट

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. ज्याने मला सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि विचारलं की तो चिडायचा. मीही चिडतो. तेव्हा नीट मांडी घालून बसा आणि मधूनमधून हूं म्हणत राहा. का, ते पुढे कळेलच.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात चिंचेखाली दगडी ओटा होता आणि त्या ओट्यावर रोज सांजेला गोष्ट व्हायची. सांगणाऱ्याचं नाव हैबती. हा हैबती गोष्टी स्वतःच रचायचा. सांगायला लागला की त्याची नजर समोरच्या डोंगराकडे जायची, जणू तिथे काहीतरी चाललंय आणि हा बघून बघून सांगतोय. गोष्टीतली म्हातारी रडली की याचे डोळे भरायचे. चोर पकडला गेला की हाच आधी दचकायचा.

गावाची एक रीत होती. सांगणाऱ्यासमोर एकाने बसायचं आणि हुंकार द्यायचा. "राजा निघाला." "हूं." "वाटेत नदी लागली." "हूं." हुंकार आला की गोष्ट पुढे सरकायची, नाही आला तर तिथेच थांबायची. आणि लागोपाठ तीन दिवस हुंकार आला नाही, तर सांगणाऱ्याने ओटा सोडायचा, तो कायमचा. त्यात पाटलाचंही काही चालत नसे.

हुंकार द्यायचं काम लिंबाजी तांबटाकडे होतं. म्हातारा दिवसभर तांब्याचे हंडे ठोकायचा. त्याच्या दारावरून जाताना लोक कानांत बोटं घालत. सांजेला हातोडा ठेवून, हातपाय धुऊन तो ओट्यासमोर येऊन बसे. त्याचा हुंकार म्हणजे काय सांगू तुम्हाला! कधी दबका, कधी लांबलचक, कधी "अरेरे" म्हणावं तसा. अगदी योग्य जागी यायचा. लोक म्हणत, हैबतीची अर्धी गोष्ट लिंबाजीच्या नाकातून येते.

होता होता हैबतीचं नाव राजाच्या कानावर गेलं. बोलावणं आलं. हैबती नवं धोतर नेसून राजधानीला गेला.

राजाने विचारलं, "काय रे, गोष्टी कोणासाठी रचतोस?"

"आपल्यासाठीच, महाराज," हैबती म्हणाला. दरबारात आणखी काय म्हणणार, सांगा बरं!

दरबारात हुंकार द्यायला एक नाही, चांगली सोळा माणसं ठेवलेली होती. सगळी एका सुरात "हूंऽऽ" करायची. पहिल्याच दिवशी गोष्टीत हत्ती आला आणि हुंकार असा घुमला की छताखाली बसलेली कबुतरं उडाली. हैबतीला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने दोन हत्ती आणले. मग तर काय, हत्तीशिवाय त्याची गोष्ट पुढेच जाईना. राजाच्या गोष्टीत हत्ती, सावत्र आईच्या गोष्टीत हत्ती. एकदा एका कोळणीची गोष्ट होती, तर तिच्या एवढ्याशा होडीतही याने हत्ती बसवला. होडी बुडाली नाही, कारण दरबाराला ते आवडलं नसतं.

आता त्याची नजर डोंगराकडे जात नसे. राजधानीला डोंगरच नव्हता म्हणा. तो राजाच्या चेहऱ्याकडे बघे, मग प्रधानाच्या, मग त्या सोळा जणांच्या, आणि कुठे भुवई हलली की तिथे आणखी दोन वाक्यं घाले. वर्षभर असं चाललं. अंगावर शाल आली, बोटात अंगठी आली.

मग एक दिवस सांगता सांगता हैबतीला ठसका लागला. तो खोकला.

"हूंऽऽ!" सोळाही जण म्हणाले.

हैबती चमकला. तो मुद्दाम गप्प बसला. थोड्या वेळाने पुन्हा "हूंऽऽ!" आलं. राजा तर तक्क्याला टेकून केव्हाच झोपला होता. ही सोळा माणसं ठरावीक वेळाने हूं म्हणत होती, आणि आपण वर्षभर त्या हुंकारावर हत्ती नाचवत होतो! हैबतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने शाल काढून ठेवली, अंगठी काढून ठेवली आणि तसाच चालू लागला. कुणाला पत्ताही लागला नाही.

"बास झालं," वाटेत तो स्वतःशीच म्हणाला. "लोकांसाठी रचायचं म्हणजे नसती झकमारी. यापुढे माझ्या गोष्टी माझ्यासाठी."

तो डोंगरावर चढला आणि एका गुहेत राहू लागला. कंदमुळं खायची, झऱ्याचं पाणी प्यायचं आणि गोष्टी रचायच्या. पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. कुणी जांभई देत नव्हतं, कुणी हूं म्हणत नव्हतं.

तिथे त्याला एका नावाड्याची गोष्ट सुचली. नावाडी जन्मभर लोकांना पलीकडच्या काठाला पोचवतो, पण स्वतः त्या काठावर एकदाही उतरलेला नाही. त्या काठाला खुंटा नाही, उतरला तर होडी वाहून जाईल ना, म्हणून. तिकडच्या आमराईचा वास रोज त्याच्या नाकाशी येतो आणि हा रोज होडी वळवून परत फिरतो. हैबतीला ही गोष्ट फार आवडली. पण पुढे काय? पुढचं उद्या बघू, असं म्हणून त्याने ती सोडली. दुसरी सुरू केली, तीही अर्ध्यावर सोडली. कुणी वाट बघत नव्हतं, मग पुरी कशाला करायची? पावसाळा सरेपर्यंत त्याच्याकडे चाळीस गोष्टी जमल्या होत्या आणि एकीलाही शेवट नव्हता. पुढे पुढे तर नुसती सुरुवात सुचायची, आणि मग तीही सुचेना.

एका सकाळी त्याने झऱ्यापाशी तोंड उघडलं तेव्हा घोगरा आवाज निघाला. बोलून किती दिवस झाले, त्याचं त्यालाच आठवेना. त्याला रडू आलं. मुकाट्याने डोंगर उतरून तो गावात आला.

गाव हरखून गेलं. ओटा झाडला, पाणी शिंपडलं. सांजेला सगळे जमले आणि लिंबाजी आपल्या जागेवर येऊन बसला. आता तो पार वाकला होता.

हैबतीने ठेवणीतली दरबारी गोष्ट काढली. "एक होता राजा. त्याच्याकडे होता एक हत्ती."

लिंबाजी गप्प.

"हत्तीवर सोन्याची अंबारी होती."

लिंबाजी हैबतीच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, पण हूं म्हणेना. लोक एकमेकांकडे बघू लागले. गोष्ट तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशीही तेच. हैबतीने आवाज चढवला, हातवारे केले, हत्तीला सोंडेने फुलं उधळायला लावली. एक नाही की दोन नाही. लोक उठून गेले. जाताना पाटील हळूच म्हणाला, "हैबती, उद्याचा तिसरा दिवस. आमचा इलाज नाही, बाबा."

हैबती घाबरला. ओटा गेला तर आपण कोण? नांगर धरता येत नाही, हातोडा धरता येत नाही, येतं ते एवढंच. सकाळी उठून तो तडक लिंबाजीच्या घरी गेला. म्हातारा पाठमोरा बसून हंडा ठोकत होता.

"लिंबाजीकाका!" हैबती ओरडला. "माझ्या पोटावर का उठलात? काय बिघडवलं मी तुमचं?"

म्हातारा ठोकतच राहिला. हैबती आणखी मोठ्याने ओरडला. तेवढ्यात म्हाताऱ्याची सून लगबगीने बाहेर आली.

"भावजी, हळू! मामंजींना ऐकू येत नाही हो. दहा-बारा वर्षं झाली. हातोड्याने कान नेले. पण गावात कुठे बोलू नका, पाया पडते तुमच्या. त्यांची ती जागा जाईल. सांजेला तिथे बसतात म्हणून तर माणसांत आहेत."

हैबतीने मनात हिशेब केला. दहा-बारा वर्षं! म्हणजे राजधानीला जायच्या कितीतरी आधीपासून. मग तो हुंकार कशाला होता?

लिंबाजीने वळून पाहिलं, सुनेचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते ओळखलं. त्याने हातोडा खाली ठेवला.

"कळलं वाटतं तुला," तो म्हणाला. "आता माझ्याकडे तोंड करून सावकाश बोल. ओठांवरून थोडं समजतं मला."

"गोष्ट ऐकूच येत नव्हती, तर हूं कशावर म्हणायचात, काका?"

"तुझ्या तोंडावर. पूर्वी तू सांगायला लागलास की तुझ्या चेहऱ्यावरून गोष्ट जायची. तू घाबरलास की मी हूं म्हणायचो, तू हसलास की हूं म्हणायचो. आता तू आमच्याकडेच बघत बसतोस. काल मीही तुझ्या तोंडाकडे बघत होतो आणि तूही माझ्या. मग गोष्ट कुठे होती रे?"

हैबतीची मान खाली गेली. म्हाताऱ्याने हनुवटी धरून ती वर केली, कारण त्याशिवाय त्याला बोलणं कळणार नव्हतं.

"खोटं हूं म्हणायला मला काय लागतं?" लिंबाजी म्हणाला. "पण तुला फसवायचं जिवावर आलं."

"म्हणजे मी माझ्यासाठीच सांगू? तसंही करून बघितलं, काका. डोंगरावर एकही गोष्ट पुरी झाली नाही."

लिंबाजी हसला. त्याने समोरच्या हंड्यावर थाप मारली. "हा ठोकताना मी गिऱ्हाइकाकडे बघत बसलो, तर घाव बोटावर बसेल. नजर हंड्यावरच हवी. पण माझ्या घरी हंडे लागतात दोन. बाकीचे जन्मभर कशाला ठोकले असतील मी? कुठेतरी कुणी पाणी भरणार आहे, म्हणूनच ना बूड नीट बसवायचं? जा आता. मला हा दुपारपर्यंत द्यायचाय."

तिसऱ्या दिवशी सांजेला झाडून सगळं गाव आलं. हैबती ओट्यावर बसला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. त्याची नजर डोंगराकडे गेली.

"एक नावाडी होता," तो म्हणाला. "सगळ्यांना पलीकडे पोचवायचा. पण त्या काठावर तो कधी उतरला नव्हता."

"हूं," लिंबाजी म्हणाला.

लोकांचा जीव भांड्यात पडला. पण हैबतीला ते कळलंच नाही, तो होडीत होता. आमराईचा वास आला, त्याने श्वास ओढला. हूं. नावाडी म्हातारा झाला, वल्हं जड झालं. हूं. आणि शेवटच्या फेरीला होडी पलीकडच्या काठाला टेकली. तिथे हैबती थांबला. डोंगरावर तो इथपर्यंतच आला होता. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं.

चिंचेखाली कुणी हलेना. हैबतीच्या कपाळावर घाम आला.

लिंबाजीने ते पाहिलं आणि पुढे झुकून हळूच विचारलं, "हूं?"

विचारलं, बरं का. हैबतीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बहिरा म्हातारा जीव डोळ्यांत आणून वाट बघत होता.

"तेव्हा होडीतून उतरलेल्या एका म्हाताऱ्या उतारूने मागे वळून पाहिलं," हैबती सावकाश म्हणाला, एकेक शब्द ओठांवर स्पष्ट आणून. "तो म्हणाला, अरे, तू उतर की. दोरी मी धरतो. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलंच नव्हतं. आणि नावाडी उतरला."

एवढं बोलून हैबती ढसाढसा रडला. लिंबाजीने हुंकार दिला, पण तो कुणाला ऐकू गेला नाही, कारण त्याच्यासोबत सगळं गाव हूं म्हणालं होतं. ते लिंबाजीला एकट्यालाच ऐकू आलं नाही.

ओटा हैबतीकडेच राहिला. तांबटाचं गुपित त्याने कधी फोडलं नाही. फक्त त्या दिवसापासून तो प्रत्येक गोष्टीचा शेवट सावकाश, लिंबाजीकडे तोंड करून सांगू लागला. लोकांना वाटे, दरबारात शिकून आलेली ढब असेल. कुणी विचारलंच, की गोष्टी स्वतःसाठी रचतोस की आमच्यासाठी, तर तो म्हणे, "सांजेला या आणि काकांशेजारी बसा."

तात्पर्य : रचताना नजर गोष्टीवर असावी, पण ती पुरी होते कुणाच्या तरी हुंकाराने.