घोरपडीची तपासणी

माळाला कुंपणं नव्हती, त्या काळची ही गोष्ट. शर्यत जिंकलेल्या काळविटाला घोरपडीनं बाभळीखाली थांबवलं. बळ वाढवणारी मुळी कुणी खाल्ली असेल, तर लघवीच्या वासावरून घोरपड ते ओळखायची. धावून कोरडा पडलेला काळवीट दुपारपर्यंत पाणी पीत राहिला, तरी थेंब येईना.

"मावशी, परवाच तर तपासलंत. मी मुळी खात नाही. फार दमलोय हो, आज जाऊ द्या."

घोरपडही दमली होती. "मागे एक चिंकारा हरिणीही असंच म्हणाली होती," ती हळूच म्हणाली. "मला दया आली, मी तिला सोडलं. पुढच्या शर्यतीत धावता धावताच तिचं काळीज थांबलं. तोंडात मुळी होती."

काळविटानं पुन्हा पाण्याला तोंड लावलं.